गौरीची परीक्षा आणि आमचे दादा

मंडळी, आज सकाळी आमच्या देवासच्या गोठ्यात गाईंना लस द्यायची होती. मागच्या वेळी गौरीने लाथ झाडली होती, म्हणून थोरल्या दादांनी आधीच जाहीर केलं, "आज बिथरली तर मनावर गावच्या गुरांच्या बाजारात विकून टाकायची."

गाईला खोड्याच्या लाकडी चौकटीत घालायची आमची कुलपरंपरा अशी: मागून शेपूट पिरगळायची आणि मोठ्याने ओरडायचं. दादांनी पिरगळली, गौरी उधळली. लगेच मला म्हणाले, "बघ पंडित, मारकीच आहे!"

"दादा, तुमचा कान पिरगळून बघू का? तुमचाही स्वभाव कळेल."

लस द्यायला आलेले गुरांचे डॉक्टर दादांकडे बघून हसले. "भिया, पहले पूंछ तो छोड़ो."

मी हट्टाने दादांना फाटकाबाहेर उभं केलं आणि गौरीला पुन्हा आणलं, काठी न उगारता. ती थरथरली, पण सुई टोचताना उभी राहिली, आणि सोडल्यावर पळाली नाही, चालत गेली. म्हणजे गाय घाबरट आहे, मारकी नाही.

गौरी विकायची नाही, हे दादांना स्पष्ट सांगितलंय. पुढच्या लसीलाही परीक्षा अशीच होईल, दादा फाटकाबाहेर.

तुमच्या गोठ्यात शेपूट कोण पिरगळतं? नात्यासकट सांगा.