पाय धुवा, मग राजधानी

"पाय धुवा, मग राजधानी बघू."

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत पाहुणा आला की समोरच्या घरातून हे वाक्य ऐकू यायचं. दाराशी पाण्याची बादली भरलेली, शेजारी तांब्या. तिथले काका स्वतः पाणी ओतायचे आणि टाचा धुतल्या की नाही हे वाकून बघायचे. मूळचे परभणीकडचे, इथं सरकारी कचेरीत कारकून. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. तरी घर रिकामं म्हणून कधी नसे.

तेव्हा हैदराबाद ही मराठवाड्याचीही राजधानी होती. कोर्टाची तारीख असो, कोठी भागातला डॉक्टर असो की मुलाचं कॉलेज, तिकडचा माणूस मनमाडच्या गाडीनं काचीगुड्याला उतरायचा आणि वळकटी घेऊन थेट काकांकडं यायचा. नातं काय, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "गावाकडला हाय. अजून काय पायजे?"

काम उरकलं की रविवारी राजधानीदर्शन. हौस म्हणून मीही जायचो. काकांना इतिहास बेताचाच येई, त्यामुळे सांगताना ते हात आखडता घेत नसत. सकाळी ज्या राजाला दोन राण्या असत, त्याला दुपारपर्यंत चार झालेल्या असत. चारमिनारसमोर मात्र ते गप्प होत. इमारतीकडं पाठ करून उभे राहत आणि मान वर करून बघणाऱ्या पाहुण्याच्या तोंडाकडं बघत.

"काका, चारमिनार तिकडं आहे," मी चिडवायचो.

"तो कुठं जातोय? हा उद्या गाडीत बसंल."

मग भाषावार प्रांत झाले. परभणी मुंबईकडं गेली, आम्ही तेलुगू मुलखात राहिलो. कचेरीतल्या मराठी माणसांना विचारलं गेलं, राहता की जाता? बघता बघता गल्ली निम्मी झाली. माझी नोकरी रेल्वेची, मला कुणी विचारलंच नाही. काकांना विचारलं, आणि ते राहतो म्हणाले.

"अहो, आता गावाजवळ जाता आलं असतं," मी म्हणालो.

"मी गेल्यावर गावचे लोक कुणाकडं उतरतील?"

मला ते पटलं. तुम्हालाही तेव्हा पटलं असतं. राजधानी बदलली की पाहुण्यांची वाटही बदलते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आता तारखा दुसरीकडं पडू लागल्या, मुलं दुसरीकडं शिकायला जाऊ लागली. मनमाडची गाडी पूर्वीसारखीच येत होती. तिच्यातून काकांचं कुणी उतरत नव्हतं.

बादली मात्र रोज सकाळी भरली जाई. संध्याकाळी तेच पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला.

"कढीपत्त्याची चैन आहे, काका."

"हौ. त्यालाच पाव्हणा समजायचं."

ते हसले. मला हसू आलं नाही. गल्लीत मराठी घरं आता आमची दोनच उरली होती, आणि माझ्या घरी निदान बायको-पोरं होती.

काही वर्षांनी एका रविवारी आम्ही चारमिनारला गेलो असताना मागून मराठी ऐकू आलं. नवरा, बायको, दोन मुलं, गळ्यात कॅमेरा. काका लगबगीनं पुढं झाले.

"कोणतं गाव?"

"परभणी."

त्या दुपारी राण्या किती झाल्या ते मी मोजलं नाही. मक्का मशीद, बांगड्यांचा बाजार, सगळीकडं काकांनी फिरवलं. धाकटीला कडेवर घेतलं. चारमिनारशी परत आलो, तेव्हा मुलं वर बघत होती आणि काका त्यांच्याकडं. तेवढ्यात त्या गृहस्थानं पाकीट काढलं. "छान दाखवलंत, काका. तुमचे किती झाले?"

काकांना काही क्षण कळेचना. मग म्हणाले, "पैशाचं राहू द्या. घरी चला. पाय धुवा, दोन घास खा."

"नको हो, हॉटेलात जेवण सांगून ठेवलंय. उगाच तुम्हाला त्रास."

त्याचं काही चुकलं नव्हतं. फिरायला आलेला माणूस असाच वागतो. तरी मला त्याचा राग आला, अजूनही येतो. बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "लेकरं गुणाची होती." घरी आल्यावर त्यांनी बादली उचलली आणि कढीपत्त्याला ओतली.

पुढे एका सकाळी बादली भरून काका जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

कचेरीतले लोक आले, गल्लीतले तेलुगू शेजारी आले. सगळं उरकून आम्ही रीतीप्रमाणे त्यांच्या घरी परतलो. दिवा बघून जायचं, त्याआधी पाय धुवायचे. दाराशी बादली होती, त्यांनीच भरलेली. पुढचा माणूस मागच्याच्या पायांवर पाणी घालत होता. इतके पाय त्या दाराशी कित्येक वर्षांत धुतले गेले नव्हते.

माझी पाळी शेवटी आली. बादलीत थोडंच पाणी उरलं होतं. मी टाचासुद्धा नीट धुतल्या आणि उंबऱ्यात उभा राहिलो. आत दिवा जळत होता. पुढचं अर्धं वाक्य म्हणायला कुणी नव्हतं.