बर्फावर पंच नसतो

ओरिसिया पेत्रीशिनने लॉर्न केस्लरशी पाच वर्षं बोलणं टाकलं होतं, आणि त्याच पाच वर्षांत दर शुक्रवारी ती त्याच्याच बरोबर एका संघात कर्लिंग खेळत होती. बाहेरच्या माणसाला वाटेल मी थापा मारतोय. अजिबात नाही. कर्लिंग म्हणजे जड दगड बर्फावरून सरकवून लांबच्या वर्तुळाच्या मधोमध थांबवायचा खेळ; दगड नीट जावा म्हणून बाकीचे पुढे झाडूने बर्फ घासतात. त्या संघात आम्ही चौघं. ओरिसिया कर्णधार, लॉर्न तिच्या हाताखाली, मग मी आणि माझी बायको स्टेफा. त्या दोघांच्या अबोल्याची झळ बसायची ती आम्हा नवरा-बायकोला.

बर्फावर तिचा आवाज पार दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. “लॉर्न, झाडू डावीकडे धर! अजून डावीकडे! डोळे आहेत का बटणं?” तोही निमूटपणे झाडू सरकवायचा. खेळ संपला की मात्र खलास. आमच्याकडे रीत अशी की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना वरच्या खोलीत न्यायचं, एका टेबलावर बसायचं, पाजायचं. तिथे ही बाई खुर्ची फिरवून बसणार आणि म्हणणार, “स्टेफा, त्या माणसाला सांग, मीठ इकडे दे.” तो माणूस दीड हातावर बसलेला असायचा.

मी त्या कर्लिंगच्या शेडमध्ये एकतीस वर्षं बर्फ करतोय. पाणी शिंपडून बर्फावर बारीक दाणे उठवायचे, त्याशिवाय दगड सरकत नाही. लोकांना वाटतं काय ते, पाणी ओतलं आणि गोठलं. करून बघा म्हणावं. तर सांगायचा मुद्दा, इतक्या वर्षांत मी या बर्फावर खूप माणसं बघितली, पण ओरिसियासारखं खमकं माणूस दुसरं नाही.

तिने गावच्या वृद्धाश्रमात सव्वीस वर्षं नोकरी केली. म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं. सगळ्या म्हाताऱ्यांना ती दीदो म्हणायची, म्हणजे तिच्या युक्रेनियनमध्ये आजोबा, मग तो युक्रेनियन असो, जर्मन असो नाहीतर स्कॉटिश. “दीदो मॅक्लाउड, तोंड उघडा, नाहीतर तुमच्या सुनेला फोन करते.” आणि म्हातारा तोंड उघडायचा. स्वतःचा नवरा ओस्ताप गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर. मी म्हटलं, अगं, थोडी थांब की. तर म्हणाली, “घरी बसून मी कुणाला आंघोळ घालू?”

गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पेरोगी करायला बसत, म्हणजे उकडलेल्या करंज्या, बटाटा आणि ताजं चीज भरून. कडा कशा चिमटायच्या ते ओरिसिया बघणार. एखादीची उकळत्या पाण्यात फुटली की त्या बिचारीची धडगत नव्हती. लॉर्न त्या पेरोगींसाठी जीव टाकायचा. भांडणाआधी त्याच्यासाठी एक झाकलेली ताटली नेहमी बाजूला असायची, तळलेला कांदा जास्त घातलेली.

भांडण झालं ते आंघोळीवरून.

वृद्धाश्रमात माणसं कमी पडत होती. चाळीस म्हातारे आणि कामाला दोन बायका. त्यामुळे प्रत्येकाला आठवड्यातून एकच आंघोळ. ओरिसियाला हे सहन होईना. तिथल्या बायकांनी पत्रं लिहिली, राजधानीत जाऊन आल्या, काही नाही. शेवटी प्रांतभरच्या या बायकांनी संप केला. माणसं वाढवा, एवढंच मागणं. संपातही त्यांनी पाळ्या लावून म्हाताऱ्यांना सांभाळलं. ओरिसिया तर सकाळी मागच्या दाराने आत जायची, दोन आंघोळी घालायची, आणि मग पुढच्या दाराशी फलक घेऊन उभी राहायची.

सरकारने नऊ दिवसांत कायदा केला, संप बंद, कामावर चला. युनियन कोर्टात गेली. न्यायाधीशबाईंनी निकाल दिला की संप करणं हा घटनेतला हक्क आहे, हा कायदा तो हिरावून घेतो, म्हणून कायदा रद्द. त्या दिवशी ओरिसिया शेडमध्ये नाचली, आमच्या बर्फावर, बूट न बदलता. मी शिव्या घातल्या, पण मनातून मीही खूश होतो.

पण आमच्या कॅनडाच्या घटनेत एक कलम आहे. गावात आम्ही त्याला ‘तरीही’ म्हणतो. कोर्ट काहीही म्हणो, आमदारांनी बहुमताने ‘तरीही’ म्हटलं की कायदा चालूच राहतो. मात्र पाच वर्षंच. पाच वर्षांनी ते आपोआप गळून पडतं, पाहिजे असेल तर परत उभं राहून मत द्यावं लागतं. सरकारने तोच कायदा ‘तरीही’ लावून परत आणला. आणि आमचा आमदार कोण? लॉर्न केस्लर. उभा राहिला आणि हो म्हणाला.

त्या शुक्रवारी वरच्या खोलीत दोघांची जी जुंपली, ती गाव अजून विसरलेलं नाही.

“हे बघ ओरिसिया,” लॉर्न म्हणाला, “न्यायाधीशांना निवडून कोण देतं? कुणीच नाही. मी चुकलो तर तू मला चार वर्षांत घरी बसवशील. त्यांना बसवशील का? शेवटचा शब्द लोकांच्या माणसाचा पाहिजे.”

“बरोबर,” ओरिसिया म्हणाली.

लॉर्न गडबडलाच. “बरोबर?”

“बरोबरच आहे. म्हणून तर मी तुझ्यावर चिडलेय. त्या न्यायाधीशबाईने मला कधी बघितलेलं नाही, तरी तिला आमचं म्हणणं कळलं. तुझ्या आईला मी सहा वर्षं आंघोळ घातली, लॉर्न. तुला नाही कळलं? खरं सांग, तुझ्या मनाला काय वाटत होतं हो म्हणताना?”

“पक्षाचं ठरलं होतं.”

“मी पक्षाला नाही विचारलं, तुला विचारलं.”

लॉर्न कपात चमचा फिरवत राहिला, आणि कॉफीत साखरही नव्हती.

“मला दुसरं कोर्ट नको आणि माफी नको,” ती म्हणाली. “जिथे उभा राहून हो म्हणालास, तिथेच उभा राहून तुझ्या तोंडाने सांग की चुकलं. तोवर तुझं-माझं बोलणं बर्फापुरतं.”

झालं. दुसऱ्या दिवशी तिने सहकारी दुकानाचं कॅलेंडर आणलं. ते फक्त एका वर्षाचं, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः पाच वर्षांच्या रेघा मारल्या आणि शेवटच्या चौकटीभोवती लाल गोल काढला. मधल्या काळात निवडणूक झाली, लॉर्न परत निवडून आला. मी ओरिसियाला विचारलं, मत कुणाला दिलंस? म्हणाली, “त्यालाच. दुसरा आला तर त्याच्याकडून मी काय वदवून घेऊ?”

पाच वर्षं अशी गेली. ती निवृत्त झाली, तरी आठवड्यातून तीनदा वृद्धाश्रमात आंघोळ घालायला फुकट जायची. आणि लाल गोल जवळ आला. मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की ‘तरीही’ पुन्हा लावणार, मतदान बुधवारी. त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. समोर शेजारच्या गावच्या ग्वेन ओल्सनचा संघ. चौदा वर्षं करंडक त्यांच्याकडे.

आता कर्लिंगमध्ये एक गोष्ट आहे. आमच्या गावच्या खेळात पंच नसतो. दगड सरकत असताना झाडू त्याला लागला, तर ज्याचा लागला त्यानेच सांगायचं, ‘लागला’. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. आणि लागल्यावर त्या दगडाचं काय करायचं, काढायचा की राहू द्यायचा, ते समोरच्या संघाने ठरवायचं. ज्याचं नुकसान त्याचा शब्द. आमच्याकडे पोरं चालायला लागली की हे शिकतात.

शेवटचा दगड ओरिसियाचा. गुडघा दुखत होता तिचा, तरी असा सोडला बाईने की मी श्वास रोखला. स्टेफा आणि मी पुढे झाडत पळतोय, ओरिसिया मागून ओरडतेय, “झाडा! झाडा रे मेल्यांनो!” वर्तुळात दगड शिरला तसा तिथे उभा असलेला लॉर्नही वाकून झाडायला लागला. दगड मधोमध जाऊन थांबला. शेडमध्ये आरडाओरडा झाला, ग्वेनने हातमोजा काढून हात पुढे केला. करंडक आमचा.

मी खोटं कशाला बोलू? लॉर्नचा झाडू लागलेला मी बघितला होता. केसाएवढा. बोट दाखवायचं नाही ही रीत, म्हणून मी गप्प बसलो असं आजही सांगतो, पण खरं कारण करंडक होता. मनात म्हटलं, लॉर्न, गाढवा, तोंड उघडू नकोस.

लॉर्न सरळ उभा राहिला, हात वर केला आणि म्हणाला, “लागला. माझा झाडू लागला.”

ग्वेनने दगडाकडे बघितलं, लॉर्नकडे बघितलं. “सॉरी रे,” म्हणाली, “पण काढते.” काढायलाच हवा होता, तिच्या जागी मीही काढला असता. आम्ही हरलो. स्टेफा रडली. मी बर्फ झाडण्याच्या निमित्ताने लांब गेलो आणि तिथे जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ओरिसिया लंगडत लंगडत अख्खं मैदान चालत आली. लॉर्नसमोर उभी राहिली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा, खेळ संपल्यावर, त्याच्याशी बोलली.

“कुणी बघितलं होतं का रे?”

“कुणीच नाही.”

“मग कशाला बोललास?”

“मला कळलं होतं ना.”

ती म्हणाली, “हं. बुधवारी तिथे कळतं का बघ.” आणि निघून गेली.

बुधवारी दुपारी मी, स्टेफा आणि ओरिसिया वरच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो. ओरिसियाने विणकाम आणलं होतं आणि एक टाका घातला नाही. एकेक आमदार उभा राहून ‘तरीही’च्या बाजूने बोलत होता. मतदानाआधी दोन मिनिटं बोलायला लॉर्न उठला. टाय वाकडा. ओरिसिया पुटपुटली, “याला आरसा कुणी देत नाही का?”

“अध्यक्ष महोदय,” लॉर्न म्हणाला, “न्यायाधीशांचं सगळंच मला पटतं असं नाही. शेवटचा शब्द निवडून आलेल्या माणसाचा असावा, हे मी आजही म्हणतो. पण शेवटचा शब्द पाहिजे असेल तर चूकही आपणच बोलून दाखवली पाहिजे. कोर्टाने दाखवेपर्यंत थांबायचं नाही, आणि दाखवली की कोर्टाचं तोंडही बंद करायचं नाही. पाच वर्षांपूर्वी मी इथे उभा राहून हो म्हणालो. माझा झाडू लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही.”

सभागृहातल्या निम्म्या लोकांना झाडू म्हणजे काय ते कळलं नसेल. आमच्या खोलीत मात्र स्टेफाने माझा हात एवढा घट्ट धरला की नखं रुतली. ओरिसिया उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ नाक शिंकरत होती.

कलम मंजूर झालंच. चार मतांनी. संध्याकाळी पक्षाने लॉर्नला बाहेर काढल्याची बातमी आली.

शुक्रवारी तो आला. चार तास गाडी चालवून, राजधानीतलाच कोट अंगात, हातात झाडू. वरच्या खोलीत गुरुवारच्या उरलेल्या पेरोगी तळायला ठेवल्या होत्या. तो दारातच उभा राहिला.

“बोललो,” तो म्हणाला.

“ऐकलं.”

“उपयोग काही झाला नाही.”

“मला मोजता येतं. चार मतं.”

लॉर्नने कोटाला हात पुसले. “झाडू माझा लागला होता, ओरिसिया. आता दगडाचं काय करायचं ते तू सांग.”

ओरिसियाने तव्यावरचा कांदा हलवला, गॅस बारीक केला. मी मनात म्हटलं, ही काढणार. हिच्यासारखी हिशोबी बाई ग्वेनलासुद्धा मागे टाकेल. मला तिच्या पाच वर्षांच्या सगळ्या फिरवलेल्या खुर्च्या आठवल्या.

“राहू दे,” ती म्हणाली. “आहे तिथे राहू दे.”

मग कपाटातून झाकणाची ताटली काढली, तीच जुनी, निळ्या काठाची. पेरोगी वाढल्या, वर कांदा, नेहमीपेक्षा जास्त. ताटली त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “नवीन कॅलेंडर आखलंय मी. पुढच्या लाल गोलापर्यंत घरोघर जायचंय, प्रत्येक आमदाराच्या गावात, आणि माझा गुडघा चालत नाही. आता पक्षानेही काढलंय तुला, वेळच वेळ आहे. गाडी तू चालवायची. खा आधी. पाच वर्षांत पार वाळलायस मेल्या.”

लॉर्नने पहिली पेरोगी तोंडात घातली, आणि मीठ मागितलं, थेट तिच्याकडे.