पडद्यावरचा समुद्र

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी पुण्याची नोकरी न सोडता तारकर्लीला परतलो. होडी चालवायला शिकवणारा एक कॉम्प्युटर प्रोग्राम आमची कंपनी बनवत होती. त्यातला समुद्र बनवायचं काम माझ्याकडे होतं. साहेबांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "घरून काम कर, पण शनिवारपर्यंत ती होडी अडकायची थांबली पाहिजे. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

होडी अडकायची म्हणजे चालता चालता चित्र क्षणभर गोठायचं आणि मग ती पुढे उडी मारायची. कॉम्प्युटरला प्रत्येक चित्र काढायला किती वेळ लागला, हे दाखवणारा आलेख मी पडद्याच्या कोपऱ्यात लावला होता. सगळं ठीक असेल तर त्याची रेघ सपाट धावते. माझी रेघ थोडी धावायची आणि सुळक्यासारखी वर जायची. सरासरी बघितली तर काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं, आणि त्यानेच मी जास्त पिसाळलो होतो.

वडिलांची खाट त्याच खोलीत होती. जन्मभर मासेमारी केलेला माणूस, आता उजवा हातही उचलत नव्हता. ते पडल्या पडल्या पडद्याकडे बघत राहायचे.

"परत अडाकली रे," ते जड जिभेने म्हणायचे.

मी माड काढून टाकले, पक्षी काढले, पाण्यातलं प्रतिबिंबही काढलं. सुळके तसेच. वीज जायची, केलेलं काम जायचं, मी पुन्हा बसायचो. आई मासे विकून आली की ताट शेजारी ठेवायची, आणि उचलताना ते बहुतेक वेळा तसंच असायचं. "गिळ रे दोन घास," ती म्हणायची. मी तिच्यावर ओरडायचो. ही नोकरी गेली तर वडिलांची औषधं कुठून आणायची, एवढंच डोक्यात फिरत असायचं.

शुक्रवारी दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी लाटांवरचा फेस बंद केला. रेघ सपाट झाली. फेसाच्या प्रत्येक थेंबासाठी प्रोग्राम नवी मेमरी घ्यायचा, वापरलेली टाकून द्यायचा, आणि तो कचरा साचला की साफ करायला थांबायचा. मी तेच जुने थेंब पुन्हा पुन्हा वापरायला लावले आणि फेस परत चालू केला. रेघ सपाटच राहिली. मी पडदा खाटेकडे वळवला.

"बाबा, बघा. आता नाय अडकत."

होडी लाटेवर चढली, उतरली, पुन्हा चढली. वडील बराच वेळ बघत होते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला उजवा हात उचलेना.

"बंद कर रे ता," ते म्हणाले. "माका बघवना नाय."

मी पडदा बंद केला. आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं.

संध्याकाळी मालवणात जाऊन इंटरनेटच्या दुकानातून काम पाठवलं आणि साहेबांना फोन लावला. ते जरा घुटमळले. "अरे, तुला कळवायचं राहिलं. गिऱ्हाईकाने माघार घेतली. तो प्रोग्रामच बंद केलाय." माझ्या नोकरीचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

घरी आलो. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. "गेला काय काम पुण्याक?" असं आईने विचारलं, तेव्हा मी फक्त "हां" म्हटलं आणि जेवायला बसलो.