चार लिटर बिअर आणि पाच लिटरचं पातेलं

माझं गणित चांगलं आहे, म्हणून आमच्या घरात भांडी मी निवडतो.

निशी-कसाई या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये घरची बिअर करायचं मी ठरवलं. (जपानात घरी करायची तर अल्कोहोल एक टक्क्याच्या आत हवं. म्हणजे चढणार काही नव्हतंच, फक्त ऐट.)

"चार लिटर करायची, तर पाच लिटरचं पातेलं पुरे," मी दुकानात म्हणालो.

"दूध तापवताना किती जागा सोडतोस? दहाचं घे," माझी बायको मीनल म्हणाली.

"दूध वेगळं, ब्रूइंग वेगळं. आणि दहाचं ठेवलं की शेजारचा बर्नर झाकला जातो. पोळ्या कुठे करशील?"

"तू बिअर करत असताना पोळ्या मी का करीन?"

मी पाचचंच घेतलं.

शनिवारी सकाळी माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, पाक पाण्यात ढवळला. उकळताना पाणी आटतं, हे वाचलेलं, म्हणून थोडं जास्तच ओतलं. पातेलं काठोकाठ भरलं. उकळी आली तशी कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकली आणि फेस फुगायला लागला. मी फुंकर मारली. फेसाला ती आवडली असावी. तो दुप्पट वेगाने बाहेर आला, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या मोज्यांवर.

"गॅस बंद कर," मीनल ओरडली.

"बटण सापडत नाहीये, फेसाखाली आहे."

तेवढ्यात आच विझली आणि भिंतीवरचा अलार्म अत्यंत नम्र जपानीत विचारू लागला, गॅस गळत नाही ना? मीनलने खिडक्या उघडल्या. शेजारच्या मोरी-सान, सत्तरीच्या आजी, चपला न घालताच धावत आल्या. फेसात हात घालून त्यांनी बटण बंद केलं, पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेल्या.

"रागावल्या," मी म्हणालो.

त्या परत आल्या त्या आंघोळ घालता येईल एवढं पातेलं घेऊन. सगळं त्यात ओतलं, शेजारचा बर्नर झाकून ते उकळायला ठेवलं, आणि चिकट ओटा पुसायला मीनलबरोबर स्वतः लागल्या. मी आभार मानायला वाकत राहिलो. दरवेळी मोजे फरशीला चिकटत होते.

काही आठवड्यांनी सगळ्यात चांगली बाटली मी त्यांना नेऊन दिली. एवढ्या मायेचं देणं कसं फेडायचं, दुसरं सुचेना. दुसऱ्या दिवशी बाटली स्वच्छ धुऊन परत आली.

"फार छान होता," मोरी-सान हसून म्हणाल्या. "तुमच्या देशात जवाचा चहा फेसाळच पितात का?"