आमच्या सांडव्याची मुंबईवारी

निघताना बायकोने आगळाची (कोकमाचा खारवलेला रस) बाटली पिशवीत कोंबली. ‘‘विमलक दी. डिलाईल रोडला ऱ्हवता, पुलाच्या पायथ्याशी,’’ ती म्हणाली. विमल तिची शाळासोबतीण. मी कपाळाला आठ्या घालून बाटली घेतली, कारण माझ्या डोक्यावर अख्खं धरण होतं.

धरणाची रड तुम्हा गावकऱ्यांना मी काय सांगायची! आधी नुसती गळती बुजवायची होती. मग पाटबंधाऱ्याचे साहेब म्हणाले, पाऊस हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही, सांडवा (जादा पाणी बाहेर सोडायची वाट) रुंद करायला हवा. मग खडक लागला आणि सांडवा पलीकडच्या अंगाला सरकला. दर खेपेला नवा नकाशा, नवी मंजुरी आणि वाढलेला खर्च. साहेबांचं चुकलं असंही म्हणवत नाही. फुटण्यापेक्षा रुंद बरा. पण तळं रिकामं आहे आणि उन्हाळी शेती बसली आहे. नव्या सांडव्याखाली जाणाऱ्या जमिनीला होकार मिळाला नाही, तर हेही वर्ष कोरडंच जाणार होतं. ती कोणाची हे न विचारताच, तो होकार मुंबईतल्या आपल्या गावकरी मंडळाकडून आणायला मी गावातर्फे निघालो होतो.

दादरला उतरलो तेव्हा फुलबाजार ऐन भरात होता. झेंडूच्या ढिगाऱ्यांतून वाट काढताना एका बाईने मला हटकलं, ‘‘ओ दादा, पिशवी गळतेय तुमची!’’ बाटलीचं बूच सैल झालं होतं. माझा पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. धरण गळतं, आता ही बाटलीही! फूलवालीने दिलेल्या चिंधीने बूच आवळलं आणि तसाच लालबागला गेलो. तिथे मिरच्या कांडण्याच्या गल्लीत शिंकून शिंकून जीव नकोसा झाला.

आपल्या मंडळाची खोली तिथेच, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. मंडळाचे अध्यक्ष बाबलकाका दारातच उभे होते.

‘‘इलंस? ह्या काय, कोणाचो खून करून इलंस?’’

खोली भरलेली होती. गिरण्या गेल्या, माणसं नाना धंद्यांत पांगली, पण गावचं काम म्हटलं की अजून जमतात. याचं मला फार कौतुक वाटतं. चिवडा आला, चहा आला. मी नकाशा उलगडून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाबलकाकांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं (देवापुढे सर्वांच्या वतीने घातलेलं मागणं) सुरू केलं.

‘‘बा देवा म्हाराजा! आमच्या धरणाचो खर्च हंयच थांबव, आणि नव्या सांडव्याक कोणाची आडकाठी येव नको रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ खोली दणाणली. नारळ फुटला. मला वाटलं, झालं काम.

खोबरं वाटता वाटता काकांनी विचारलं, ‘‘ता आगळ कोणाक?’’

‘‘विमलला. डिलाईल रोडच्या.’’

काकांचा हात थांबला. ‘‘अरे, सांडवा जाता ता शेत तिचाच मा? तिच्या बापाशीचा?’’

विमलची वाडी बौद्धांची. त्यांचं मुंबईतलं मंडळ वेगळं, खोली वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. शेत एकीचं आणि होकार भरला होता आम्ही, तोही देवाला साक्षी ठेवून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका पायात चपला सरकवत म्हणाले, ‘‘चल. मी येतंय.’’

डिलाईल रोडवर विमलताई दारातच भेटल्या. महापालिकेच्या शाळेत शिकवतात, नुकत्याच घरी आल्या होत्या. माझा लेंगा बघून त्या खळखळून हसल्या. ‘‘भावोजी, अर्धी बाटली वाटेतच प्यालात की काय?’’ उरलेल्या आगळाची त्यांनी सोलकढी केली. बांगडा तळला, भात वाढला. जेवल्याशिवाय विषय काढू दिला नाही.

काकांनी आधी माफी मागितली, सरळ शब्दांत. मग मी नकाशा पुढे सरकवला.

‘‘माझे बाबा या धरणावर मातीच्या पाट्या उचलायचे,’’ विमलताई म्हणाल्या. ‘‘कालवा मात्र आमच्या वाडीच्या अलीकडेच संपला. पुढे नेतो म्हणाले होते. बाबा वाट बघतच गेले.’’ त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला. ‘‘शेत देते मी. पण कालवा वाडीपर्यंत न्या. नकाशा इतक्यांदा बदललात, अजून एकदा बदला.’’

‘‘अगो बाय, खर्च वाढतलो!’’ काकांच्या तोंडून निघून गेलं.

‘‘काका, सांडवा रुंद केलात तेव्हा वाढला, सरकवलात तेव्हा वाढला. तेव्हा तुम्ही थांबलात का? आमच्या पाण्यापाशीच बरा अडतो! आणि माझं शेत तर जाणारच आहे. पाणी मागतेय ते वाडीतल्या बाकीच्यांसाठी.’’

आम्ही उठलो. जिन्यात काका मला म्हणाले, ‘‘माजा गाऱ्हाणा चुकला रे. आता गावात तू घाल.’’

परतीच्या एसटीत झोप लागली नाही. वाढीव खर्चाच्या नावाने आजवर खडे फोडले, आणि आज तोच खर्च मी स्वतः गावी घेऊन चाललो होतो. गंमत म्हणजे त्याचं ओझं वाटत नव्हतं. उतरल्यावर घरी न जाता आधी कालव्याच्या शेवटाला गेलो. शेवटचा दगड, त्यापुढे दोन कुणगे (भाताचे लहान तुकडे) आणि लगेच वाडी. लहानपणापासून पाहत आलेली जागा, पण ती तिथे का संपते हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

संध्याकाळी देवळात तुम्ही सगळे होतात. मी नारळ उचलला.

‘‘बा देवा म्हाराजा! आमच्या धरणाचो खर्च अजून एकदा वाढूंदे, पण ह्या खेपेक पाणी शेवटच्या वाडीपर्यंत पोचूंदे रे म्हाराजा!’’

कोणीच उत्तर दिलं नाही. नारळ हातात तसाच धरून मी उभा राहिलो. गाऱ्हाण्याला आपल्याकडे पुरुषच साद देतात. पण मागून, बायकांच्या बाजूने, एकच आवाज आला. माझ्या बायकोचा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

‘‘व्हय म्हाराजा!’’

त्यानंतर तुमचा आला.