उपाशी ठेवलेली रोपं

नागपूरच्या कडेला असलेल्या एका रोपवाटिकेत मी कंत्राटावर संशोधन सहायक होते. काम सांगायला सोपं होतं. उमरेडकडच्या कोळसा खाणींनी उपसून टाकलेल्या मातीचे डोंगर झालेत, त्यांच्यावर शिवण, बिजा अशी इथलीच झाडं लावायची होती. त्या मातीत रोप तग धरत नाही. पण जंगलातल्या जुन्या झाडांच्या मुळांत एक बुरशी राहते. ती मुळाला लांबचं पाणी, मातीतलं सत्त्व आणून देते, मूळ तिला साखर देतं. ती बुरशी आम्ही जंगलातल्या मातीतून आणून ज्वारीच्या कुंड्यांत वाढवायचो आणि ती माती रोपांच्या पिशव्यांत घालायचो. अर्ध्याच रोपांना. उरलेल्यांना मुद्दाम नाही. फरक पडतो की नाही, हेच तर दाखवायचं होतं.

हिरव्या जाळीच्या शेडमध्ये माझा दिवस जायचा. मे महिन्यात आत उभं राहिलं की कानशिलं तापायची. दार उघडं ठेवायची सोय नव्हती, बाहेरची माती उडून आली असती. एका बाजूची रोपं हाताळली की हात धुवायचे, चपला बदलायच्या, मग दुसरी बाजू. दर मार्चमध्ये कंत्राट संपायचं आणि नवा कागद येईपर्यंत मी कोणीच नसायचे, तरी रोज यायचे. माझ्या शिक्षणासाठी बाबांनी हातमाग सोडून वॉचमनची नोकरी धरली होती. गोळीबार चौकात ते भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोरगी सायंटिस्ट हाये." सोडून द्यावं असं कितीदा वाटलं, पण घरी सांगणार कसं?

पाणी द्यायला मावशी होत्या. रामटेकजवळच्या खेड्यातल्या, नवरा गेल्यावर मुलीकडे राहायला आलेल्या. माझ्याशी दिवसभर बोलणारं तेवढंच माणूस.

त्या वर्षी पावसाळा सरताना मी मुळं तपासायला घेतली. मुळं उकळून रंगात बुडवली की मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे निळे दिसतात. बुरशी न दिलेल्या रोपाचं मूळ काचेवर ठेवलं, तर आत निळे धागे. दुसरं घेतलं, तेच. संध्याकाळपर्यंत त्या बाजूची जेवढी उपटली, सगळ्यांत तेच. शेडमध्ये गेले. जी रोपं पिवळी असायला हवी होती, ती टवटवीत उभी होती. रोज तर पाहत होते मी. पावसाने सुधारली असतील म्हणून सोडून देत होते.

मावशींना विचारलं, "या बाजूला कुंड्यांतली माती कोणी टाकली?"

"म्याच टाकली," त्या सरळ म्हणाल्या. "मूठमूठ."

"काहून पण?"

"काहून म्हंजे? पिवळे पडून राह्यले होते लेकरं. एका पंगतीले वाढाचं अन् दुसरीले उपाशी ठेवाचं, हे कोणतं शास्त्र हाय मॅडम?"

मला ओरडायचं होतं. आता आमच्या अहवालात एवढंच उमटणार होतं की बुरशी दिली काय, न दिली काय, रोपं सारखीच. मग खाणीवर नुसती रोपं लावली गेली असती आणि पहिल्याच उन्हाळ्यात वाळली असती. हे मी मावशींना समजावून सांगितलं. त्या पाण्याचा पाइप उचलून पुढच्या रांगेकडे गेल्या.

प्रोजेक्ट ज्यांच्या हाताखाली चालायचा त्या सरांना सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं. "मुळं फेकून दे. उन्हाळ्यातले पिवळ्या रोपांचे फोटो आहेत नं आपल्याजवळ? तेच लाव. नाहीतर खरं लिही, मग ती बाई घरी जाईल अन् आपला प्रोजेक्टही."

तीन दिवस मी जेवणाचा डबा न उघडता परत नेला. खोटं लिहिलं तर सरांच्या हातात कायमची अडकणार होते. खरं लिहिलं तर मावशींच्या पोटावर पाय. शेवटी लिहिलं, की हाताळणीत चूक होऊन माती मिसळली, देखरेखीची जबाबदारी माझी, प्रयोग पुन्हा करावा लागेल. सरांनी वाचून सही केली. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

प्रोजेक्टला एक वर्ष वाढवून मिळालं, म्हणजे मलाही. सगळं पुन्हा. मावशींना कोणी काढलं नाही. नव्या रोपांची पानं पिवळी पडू लागली तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "मले दुसरीकडं टाका. पोरी, तुह्यं खरं असंन. पण माह्याच्यानं हे पाहवत नाही." त्या बाहेरच्या वाफ्यांवर गेल्या. पाणी मी द्यायला लागले. ज्वारीच्या कुंड्या हाताशी होत्या, आणि मी रोज दोन्ही बाजूंना मोजून सारखंच पाणी देत होते.

यंदा फरक लहान पोरालाही दिसला असता. बुरशीवाली रोपं दुप्पट उंच झाली. दुसरी मी वजन करण्यासाठी उपटून, वाळवून, पाकिटांत भरली. जुलैत बुरशीवाली रोपं घेऊन ट्रक खाणीकडे निघाला तेव्हा मावशी मागे रोपं धरून बसल्या होत्या. मला जाता आलं नाही. नवं बी पेरायचं होतं, आणि शेडचं दार आतून लावून घ्यावं लागतं.