तीनदा विचारायची रीत

परक्या घरी कुणी वाढायला आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा हसून नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. देवासच्या मेधाला हे अक्षरओळखीच्याही आधी येत होतं. आई विनोदिनीबाई शाळेत मास्तरीण, पण हा धडा त्यांनी घरीच गिरवून घेतला होता. मेधा आज्ञाधारक आणि जरा स्वप्नाळू. नको म्हणता म्हणता तिची वीस वर्षं सुखात गेली.

घोटाळा झाला तो अंबरीशच्या स्थळावरून. मुलगा पुण्याचा, माणसं ओळखीची, नावं ठेवायला जागा नाही. मेधाला मात्र अजून शिकायचं होतं. ती म्हणाली, "नको." सगळं घर हसलं. "हिचं काय घेऊन बसलात! ही बासुंदीलासुद्धा आधी नकोच म्हणते," आई म्हणाली. आठवड्यानं परत विचारलं, ती परत नको म्हणाली, तोवर वडील गोपाळराव पत्रिका जुळवून आले होते. आता तिसरी खेप तेवढी उरली होती. तिसऱ्यांदा मेधा हो म्हणते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मधले पंधरा दिवस कॉलेजचे होते. समाजकार्याच्या शेवटच्या वर्षी आपल्याहून वेगळ्या समाजात जाऊन राहावं लागे. मेधाच्या वाट्याला आली धार जिल्ह्यातली, डहीजवळची भिलांची वस्ती. तिथे एकेका टेकडीवर एकेक घर. मधे ताडाची उंच झाडं, आणि दिवसभर निळसर धुरकं. या टेकडीवरून घातलेली हाक त्या टेकडीवर सावकाश पोचायची. मेधाला वाटायचं, आपण जागे नाहीच, कुणाच्या तरी झोपेत येऊन राहिलोय.

पोट मात्र चांगलं जागं होतं. घरधनीण थावरीबाईनं मक्याची रोटी आणि उडदाची दाळ वाढली. एक रोटी संपल्यावर विचारलं, "और दूँ?"

"नको नको, बस," मेधा सवयीनं म्हणाली, आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत बसली.

थावरीबाईनं टोपलीवर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मेधाला रडू आलं. भुकेपेक्षा ते कुणी आग्रह केला नाही म्हणून जास्त आलं. आईची फार आठवण झाली. त्या दुपारी ताडाच्या बारीक सावलीत पडल्या पडल्या तिला दिसलं, की लहानपणापासून म्हटलेले आपले सगळे नको रांगेनं टेकडी चढून येताहेत. बारशातले, लग्नातले, हळदीकुंकवातले. सगळे बिचारे हडकुळे, आणि एकालाही कुणी खरं मानलेलं नाही. रांगेत शेवटी अंबरीशचा नको होता. तो सगळ्यांत बारका.

संध्याकाळी तिनं धीर करून विचारलं, "बाई, आप दुबारा क्यों नहीं पूछती?"

थावरीबाई चुलीवरून वळली. तिला प्रश्नच कळेना. "तूने ना बोला था. तेरा पेट तू जाने कि मैं जानूँ? बड़ी लड़की है, झूठ काहे को बोलेगी?"

आपल्या शब्दावर असा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "बाई, रोटी दो ना." थावरीबाई पोट धरून हसली आणि तिनं एकामागून एक चार रोट्या वाढल्या.

घरी परतल्यावर पहिल्याच जेवणाला आईनं विचारलं, "पोळी?"

"वाढ."

विनोदिनीबाई बघतच राहिल्या. "तिकडे भूखी ठेवली की काय गं तुला?"

"नाही. मागितलं तेवढं मिळालं."

"मग भात घे थोडा."

"नको."

"अगं, दोन घास ले ना!" भाताचा चमचा ताटापर्यंत आला होता. मेधानं ताटावर हात धरला. "आई, मी नको म्हटलं ना." चमचा परत गेला. आठ दिवस हेच चाललं. हवं तर पहिल्याच विचारण्याला हवं, नको तर नको. गोपाळराव म्हणाले, "पोरगी जरा आगाऊ झाली." विनोदिनीबाई मात्र वाढताना आता एकदाच विचारत.

रविवारी सकाळी पुण्याचा फोन आला. विनोदिनीबाई फोनवर तळहात दाबून मेधाजवळ आल्या. "काय सांगू गं त्यांना?"

मेधा आईच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नको, आई."

"अगं, पण..." विनोदिनीबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी मुलीकडे बघितलं. मग त्यांनी फोन कानाला लावला.

"नाही हो जमणार," त्या म्हणाल्या. "मुलगी नको म्हणते."